घटक तिसरा: संदेशाला उत्तर

लिफ्टवाल्यानं पडद्यावर बोट ठेवलं आणि ओळ मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"टेप जोडली आहे. काम सुरू झाले आहे. वेळ अकरा वाजून दोन..."

"मनात," बाई म्हणाल्या.

"हो मॅडम." बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "काम संपले आहे. त्रुटी नाही. वेळ अकरा वाजून..."

"अहो, मनात वाचा म्हटलं मी. मला डोळे आहेत. आणि यंत्राला वाचून दाखवायची गरज नाही, त्यानंच लिहिलंय ते."

लिफ्टवाला ओशाळून हसला. त्यानं ओठ मिटले, पण ते आतल्या आत हलत राहिलेले बाईंना दिसत होते. बोट मात्र पडद्यावरून उठलं नाही. बाईंनी टेबलाच्या खणातून पिवळं फडकं काढलं आणि तो हात मागे घेईल या आशेनं तसंच धरून ठेवलं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे बोटाचा तेलकट पट्टा उमटला होता. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी हा पट्टा इतक्या वेळा पुसला होता की तेवढ्या मेहनतीत घराच्या सगळ्या खिडक्या लख्ख झाल्या असत्या.

यंत्र चालवायच्या, म्हणजे कन्सोलच्या खोलीत दोन खुर्च्या, तीन पडदे आणि एक भिंतीवरचं घड्याळ होतं. काचेच्या भिंतीपलीकडे, थंड खोलीत, कपाटाएवढा काळा संगणक, मेनफ्रेम, उभा होता. त्याच्या शेजारी टेपांचे खण. शहरभरच्या चारशे बारा औषध दुकानांना रोज दुपारी काय पाठवायचं, कुठल्या दवाखान्यात कुठलं इंजेक्शन संपत आलंय, हे सगळं त्या कपाटाला ठाऊक असे. बाहेरच्या जगात अशी यंत्रं कधीच संपली असा सगळ्यांचा समज होता. संपत आली होती ती यंत्रं नव्हे, ती चालवणारी माणसं. बाईंची एकतीस वर्षं या खोलीत गेली होती आणि आता सहा आठवडे उरले होते.

म्हणून तो अभ्यासक्रम निघाला होता. मेनफ्रेम तंत्रज्ञ, दीड वर्षाचं प्रशिक्षण. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'शिस्तबद्ध आखणी, तरीही लवचिक.' कुठल्याही कामाधंद्यातून या, आपल्या सवडीनं या, एका पातळीतले घटक हव्या त्या क्रमानं शिका, प्रत्येक घटकाला तीन प्रयत्न. बाईंनी पहिल्या महिन्यातच निष्कर्ष काढला होता, की शिस्तबद्ध आखणी त्यांच्या वाट्याला आलीय आणि लवचिकता समोरच्याच्या. एकशे बारा चौकटींचं कौशल्यपत्रक बाईंनी भरायचं. लिफ्टवाला मात्र लिफ्टदुरुस्तीची कामं सांभाळून कधी सकाळी सातला यायचा, कधी साडेदहाला, खांद्यावरची हत्यारांची पिशवी दाराशी ठेवायचा आणि विचारायचा, "आज काय शिकू या मॅडम?"

क्रमाचं तर विचारूच नका. सगळ्यात आधी त्यानं घेतला सातवा घटक: चूक झाल्यावर काय करायचं. टेप खराब झाली तर, काम अर्ध्यात पडलं तर, दुसरी प्रत कुठून आणायची.

"पोहायला यायच्या आधी बुडालेल्याला बाहेर काढायला शिकताय तुम्ही," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"आमच्यात तसंच असतं मॅडम. आधी अडकलेल्याला काढायचं कसं, मग लिफ्ट चालवायची कशी."

"ही लिफ्ट नाही."

"नाही ना," त्यानं लगेच मान्य केलं होतं. त्याच्या या लगेच मान्य करण्यानं बाईंचं डोकं जास्तच तडकायचं. भांडावं तर हाताला काही लागायचं नाही.

सातव्या घटकात तो पहिल्याच प्रयत्नात पास झाला. चौथ्यात, पाचव्यात, सहाव्यात, पहिल्या-दुसऱ्यातही. अडला तो तिसऱ्यात, ज्यात अडण्यासारखं काही नव्हतं. 'संदेशाला उत्तर.' यंत्र पडद्यावर प्रश्न विचारतं, तंत्रज्ञानं दोन मिनिटांत उत्तर द्यायचं. बस्स. पहिल्या प्रयत्नात त्यानं तीन मिनिटं लावली. दुसऱ्यात चौदा सेकंदांनी चुकला, कारण शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. आज तिसरा प्रयत्न होता. तिसरा गेला की पहिली पातळी बाद, नाव कमी. पुढची तुकडी निघणार की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

आणि त्याला थांबणं परवडणार नव्हतं. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली होती, डॉक्टरांनी शिडी आणि लिफ्टखालचा खड्डा दोन्ही बंद करायला सांगितले होते. लिफ्टच्या कंपनीनं वर्षअखेरपर्यंत सांभाळून घेऊ म्हटलं होतं, त्यापुढचं काही म्हटलं नव्हतं. घरी बायको, सासू, बारावीतली मुलगी. हे त्यानं रडगाणं म्हणून कधी सांगितलं नाही. बाईंनी फॉर्मवरच्या 'अभ्यासक्रमास येण्याचे कारण' या रकान्यासाठी विचारलं, तेव्हा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

"साडेअकराला प्रश्न येईल," बाईंनी फोनवरचं स्टॉपवॉच उघडून टेबलावर ठेवलं. "रोज येतो. मी झोपेतसुद्धा उत्तर देऊ शकते त्याचं. दुपारची प्रत काढायला यंत्र टेप मागतं, टेपवर जुनी प्रत असते, तिची मुदत एक दिवस बाकी असते. मग यंत्र विचारतं, हिच्यावर लिहू का? यू म्हणजे वापर. एम म्हणजे ही काढ, दुसरी लाव. तुम्ही काय दाबणार?"

"संदेश बघून..."

"यू दाबणार. यू आणि एन्टर. दोन बटणं आहेत. तुमच्या लिफ्टमध्ये याच्यापेक्षा जास्त असतात."

"मॅडम, एक विचारू? रोज यूच असेल, तर ते विचारतं कशाला?"

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं, की अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी मुदत एक दिवस जास्तीची लावून ठेवली होती आणि ती बदलण्यासाठी तीन खात्यांच्या सह्या लागत होत्या. त्या सह्यांपेक्षा रोज यू दाबणं सोपं होतं.

"ते विचारतं, कारण त्याला विचारायला सांगितलंय. तुम्ही उत्तर द्या. आणि हे मोठ्यानं वाचणं, याचं काय करायचं? लागलं कुठून हे तुम्हाला?"

"लिफ्टच्या कामातच मॅडम. एक माणूस खाली खड्ड्यात असतो, एक वर मोटारीपाशी. वरच्यानं बटण दाबायच्या आधी समोर काय दिसतंय ते मोठ्यानं वाचायचं, खालच्यानं ऐकून हो म्हणायचं. मग दाबायचं." तो जरा थांबला. "एकदा नव्हतं वाचलं."

"मग?"

"मग तेव्हापासून वाचतो."

बाईंनी पडदा पुसला आणि फडकं घडी करून ठेवलं.

साडेअकराला काचेपलीकडे यंत्राचा हात सरकला, खणातली टेप उचलून आत घातली गेली आणि पडद्याच्या तळाशी संदेश उमटला. पांढऱ्या अक्षरांत चार ओळी. बाईंनी स्टॉपवॉच सुरू केलं.

"मनात," त्या म्हणाल्या.

तो प्रयत्न करत होता, हे त्यांना दिसत होतं. कपाळावरची शीर ताठ झाली होती. पण वीस सेकंदांनी त्याचा आवाज फुटलाच. "या टेपवरील... माहितीची मुदत... संपलेली नाही."

"चाळीस सेकंद."

"टेपचा प्रकार..." बोट सरकलं. त्याचं वाचणं शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखं नव्हतं. प्रत्येक शब्द तो खाली ठेवत होता, जमिनीवर पाना ठेवावा तसा. बाईंना ते ऐकवेना. त्यांची नजर आकड्यांवर होती. एक मिनिट. एक मिनिट दहा. आठ महिने. एकशे बारा चौकटी. हा माणूस नापास झाला, तर आपण जाताना या खुर्चीत बसायला कुणी नसेल. आणि तो नापास होणार होता, दोन बटणांसाठी.

"मुदत बाकी," लिफ्टवाला म्हणाला, आणि थांबला. "मॅडम, थांबू का?"

एक मिनिट अडतीस.

"अहो, थांबता काय!"

त्यांचा हात त्याच्या दंडावरून पुढे गेला. यू. एन्टर.

तो बुडू नये म्हणून हात गेला, की आपला धीर संपला म्हणून, हे त्यांना कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. काचेपलीकडे हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बाईंनी स्टॉपवॉच बंद केलं. एक मिनिट चाळीस.

"सव्वीस," लिफ्टवाला म्हणाला. त्याचं बोट अजून तिथंच होतं. "मुदत बाकी सव्वीस दिवस, असं आहे. रोज एक असते म्हणालात ना?"

बाई पुढे वाकल्या. टेपचा प्रकार: मासिक.

महिन्याच्या साठ्याची प्रत होती ती. रोजच्या खणात तिचं काही काम नव्हतं. आणि यंत्र तिच्यावर आजची दुपार लिहीत होतं, कारण त्याला वापर म्हणून सांगण्यात आलं होतं.

एकतीस वर्षांत जे झालं नव्हतं, ते झाल्यावर काय करतात हे बाईंनी इतरांना शिकवलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. हात कळफलकावर होते आणि बोटं यू आणि एन्टरच्या पलीकडे जायला तयार नव्हती.

"काम थांबवतो," शेजारून आवाज आला. "कामाचा क्रमांक तीन एक सात नऊ. तीन एक सात नऊ, बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"थांबवलं. आता टेप बाहेर. चार शून्य आठ आठ. तिला परत कुणी लिहू नये म्हणून बंद करतो. चार शून्य आठ आठ?"

"हो."

"दुसरी प्रत पलीकडच्या इमारतीत, तिजोरीच्या खोलीत. फोन तुम्ही लावता की मी?"

फोन बाईंनी लावला. तिकडच्या माणसानं टेप शोधायला वीस मिनिटं लावली आणि आणून द्यायला पंधरा. तोवर लिफ्टवाल्यानं रोजच्या खणातल्या सगळ्या टेपांची यादी काढली, ती मोठ्यानं वाचली, आणखी कुठली मासिक टेप चुकून तिथं नाही याची खात्री केली, आणि दुपारची प्रत योग्य टेपवर लावून दिली. मग तिजोरीतली प्रत आली. तिच्यावरून नवी मासिक टेप तयार व्हायला चाळीस मिनिटं लागली. त्या सगळ्या वेळात बाईंनी एकदाही 'मनात' म्हटलं नाही. तो वाचायचा, त्या हो म्हणायच्या.

सव्वा वाजता सगळं जिथल्या तिथं होतं. चारशे बारा दुकानांपैकी एकालाही कळलं नसतं. राहिली होती फक्त यंत्राची नोंदवही, जिच्यातलं काहीच कुणाला पुसता येत नाही. लिफ्टवाल्यानं ती ओळ आधीच मोठ्यानं वाचली होती, म्हणजे बाईंनी ऐकलीही होती. उत्तर: यू. वेळ: अकरा एकतीस चाळीस. उत्तर देणारा: आणि पुढे त्याचा क्रमांक. परीक्षा त्याची होती, म्हणून कन्सोलवर लॉगिन त्याचं होतं. बोट कुणाचं होतं, हे यंत्राला कसं कळावं?

लिफ्टवाल्यानं पिशवी खांद्याला अडकवली. त्याला दोन वाजता एका सातमजली इमारतीत पोचायचं होतं. तिथली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकली होती.

"म्हणजे तिसरा गेला ना मॅडम?"

"मी बघते काय ते."

"नाही, असू द्या. तुम्ही पुष्कळ वेळ दिलात मला." दाराशी तो थांबला. गुडघा दुखत असावा, कारण त्यानं वजन दुसऱ्या पायावर घेतलं. "टेप नीट झाली ना पण? तेवढं बरं झालं."

तो गेल्यावर बाईंनी खुर्चीचा पाय बुटानं ढकलला. एक शब्द तरी बोलायचा होता. तुमच्यामुळे झालं, म्हणायचं होतं. एवढं तरी.

त्यांनी अभ्यासक्रमाच्या समन्वयक मुलीला फोन लावला. ती मुख्य कार्यालयात बसायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायची.

"बोला ना मॅडम! झाली का तिसऱ्या घटकाची परीक्षा?"

"झाली. त्याच्यात मी मध्ये पडले. त्यानं उत्तर द्यायच्या आधी मीच दिलं, आणि चुकीचं दिलं."

"ओके. म्हणजे हस्तक्षेप झाला का, याला 'हो' करा." ती हसली. "की प्रयत्न आपोआप बाद होतो."

"बाद कसा? चूक माझी आहे. तो थांबू का म्हणून विचारत होता. तेच बरोबर होतं."

"हो मॅडम, पण फॉर्ममध्ये मार्गदर्शकाची चूक असा पर्याय नाहीये. मार्गदर्शक चुकत नाहीत असं धरलंय."

"कुणी धरलंय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आखणी समितीनं. तुम्ही पण होतात ना मॅडम त्यात?"

बाई होत्या. त्या मुद्द्यावर चर्चा लांबायला लागली, तेव्हा जेवणाची वेळ टळू नये म्हणून पहिला हात त्यांनीच वर केला होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "बाद झालेला प्रयत्न परत कधीच मिळत नाही का? काही नियम असेल."

"बघते हं." बराच वेळ गेला. "मिळतो मॅडम, पण एकाच बाबतीत. दुसऱ्या प्रशिक्षणार्थीच्या चुकीमुळे वाया गेला असेल तर. चूक त्याच दिवशी, त्याच कन्सोलवर झालेली हवी. मग चुकणाऱ्याची 'अनुत्तीर्ण' म्हणून नोंद होते आणि दुसऱ्याला प्रयत्न परत. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं ना?"

बाईंनी फडक्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"प्रशिक्षणार्थी व्हायला काय लागतं?"

"काहीच नाही! बाहेरचं, कंपनीतलं, कुणीही चालतं. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. नोंदणी त्या दिवसापासून धरतात. पाच मिनिटं लागतात फक्त. म्हणून तर आपण लवचिक म्हणतो." ती आता खरंच खूश होऊन हसली. "का? तुमच्याकडे आहे का कुणी इच्छुक?"

"आहे एक," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोनला दहा कमी असताना दुपारे आला. त्याचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण एकोणीस वर्षं दुपारची पाळी केल्यानं ते त्याच्या बायकोखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. डबा टेबलावर ठेवता ठेवता त्यानं नोंदवही वाचली, आणि डबा ठेवायचा राहून गेला.

"चार शून्य आठ आठ? ही रोजच्या खणात?"

"काल खण कुणी भरला होता?"

दुपारेनं डबा छातीशी धरला. "मीच भरला असेन."

"असेन नाही. भरलास."

"भरला." तो खुर्चीत बसला. "आणि उत्तर दिलं आपल्या लिफ्टवाल्यानं. गेला बिचारा. पण बाई, एक सांगू? चिडू नका. एका अर्थी बरंच झालं. नवा माणूस आहे, शिकाऊ आहे, त्याच्याकडून होणारच. वर कुणी काही विचारणार नाही. खण कुणी भरला तेही नाही."

"उत्तर मी दिलं."

"काय?"

"मी दिलं. त्याच्या हातावरून हात घालून."

दुपारेनं दाराकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "पण नोंदवहीत त्याचं नाव आहे."

"ते मला वाचता येतं."

"बाई, सहा आठवडे राहिलेत तुमचे. साहेबांनी निरोपाचं भाषण लिहायला मला सांगितलंय. 'एकतीस वर्षांत यांच्या हातून एकही चूक झाली नाही' हे पहिलं वाक्य आहे. टाइप करून झालंय."

"मग दुसऱ्या वाक्यापासून सुरू कर."

"दुसरं वाक्य पहिल्यावरच उभं आहे!"

"दुपारे, खुर्ची इकडे घे. तुझी सही लागणार आहे."

त्यांनी अभ्यासक्रमाचं पोर्टल उघडलं. नवीन प्रशिक्षणार्थी. नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली तेव्हा पोर्टलनं वर्ष बरोबर आहे ना, म्हणून दोनदा विचारलं. 'अभ्यासक्रमास येण्याचे कारण' या रकान्यापाशी त्या अडल्या, मग खालच्या यादीतलं 'इतर' निवडलं. पोर्टलनं त्यांना प्रशिक्षणार्थी क्रमांक दिला आणि त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा दिल्या.

"हे काय चाललंय?" दुपारे म्हणाला.

"पातळी एक, घटक तीन, प्रयत्न पहिला. आजची तारीख. मार्गदर्शक म्हणून तुझं नाव टाकते, दुसरं इथं कुणी नाही."

"मी तुम्हाला नापास करू?"

"यंत्रानं केलंच आहे. तुला फक्त लिहायचंय."

"बाई, हा शेरा सेवापुस्तकात जातो. कायमचा. कार्यालयातले लोक काय म्हणतील, ज्यांनी आम्हाला शिकवलं त्या..."

"आणि खणाचं तुझं तू बघ," बाई म्हणाल्या. "आज जमत नसेल तर उद्या. पण बघ."

दुपारेनं मान खाली घातली. बाईंचा फोन वाजला, घरून, आईचा. रोज जेवणाच्या वेळी बाईच घरी फोन करत, आज राहिला होता. पंच्याऐंशी वर्षांच्या आईला ऐकू कमी येई, म्हणून ती स्वतःच ओरडून बोले.

"जेवलीस का?"

"नाही अजून. जेवते."

"का गं? यंत्र बरं आहे ना?" शेजारच्या आजारी माणसाची करावी तशी तिनं चौकशी केली.

"यंत्र बरं आहे, आई."

"मग?"

"मग काही नाही. ठेवते."

दुपारे फॉर्म वाचत होता. बाईंनी आपल्या बाजूचं सगळं भरलं होतं: कन्सोल क्रमांक, वेळ, दिलेलं उत्तर, द्यायला हवं होतं ते उत्तर. 'या चुकीमुळे दुसऱ्या प्रशिक्षणार्थीचा प्रयत्न वाया गेला का?' हो. त्याचा क्रमांक. निकालाच्या दोन गोलांपैकी एक दुपारेला निवडायचा होता. त्यानं माउस हातात घेतला, सोडला, पँटला हात पुसला आणि पुन्हा घेतला. टिचकी वाजली.

"झालं," तो म्हणाला. "नाही, खाली अजून एक आहे. 'प्रशिक्षणार्थीने काय सुधारावे?' हे सोडू का मोकळं?"

"सोडता येत नाही. लाल तारा आहे पुढं."

"मग काय लिहू?"

"मला काय विचारतोस? एकोणीस वर्षं एका खोलीत आहेस माझ्याबरोबर. किती दिवसांपासूनचं साचलं असेल. लिही."

दुपारेला हसू आलं, पण ते त्यानं गिळलं. तो एका बोटानं टाइप करायचा. एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं: घाई करतात. मग बाईंकडे न बघता 'पाठवा'वर टिचकी मारली.

रकान्याभोवती लाल चौकट आली. किमान वीस अक्षरे आवश्यक.

"आता हे काय?" दुपारे वैतागला. "जे आहे ते लिहिलं ना! भरताड कशाला पाहिजे यांना? कुणी ठरवतं हे असलं?"

तेही बाईंच्याच समितीत ठरलं होतं.

"सहाच होताहेत," दुपारेनं बोटांवर मोजलं. "अजून चौदा. 'फार घाई करतात' करू? आठ होतील. 'फार फार घाई...'"

"थांब."

बाईंनी काचेतून पलीकडे पाहिलं. यंत्राचा हात आपल्या जागी निवांत होता. सातमजली इमारतीत एव्हाना कुणीतरी शिडी लावली असेल.

"'घाई'च्या आधी लिही," त्या म्हणाल्या, "समोरचा माणूस वाचत असताना."

दुपारेचं बोट कळफलकावर अधांतरी थांबलं. मग तो एकेक अक्षर शोधू लागला. बराच वेळ लागला त्याला. बाई शेजारी बसून होत्या.

लाल चौकट हिरवी झाली. खाली, दुसऱ्या प्रशिक्षणार्थीच्या नावापुढे, 'उरलेले प्रयत्न' या रकान्यात, शून्याच्या जागी एक आला.